स्तनांच्या कर्करोगाचा शोध : क्ष-किरणांपासून बार्शीच्या नोंदवहीपर्यंत

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे गाव भगवंताच्या मंदिरासाठी आणि एकेकाळच्या अरुंदमापी रेल्वेसाठी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. कर्करोगाच्या शास्त्रीय साहित्यात मात्र बार्शीचे नाव निराळ्या कारणाने येते. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये येथे सुरू झाली. या नोंदणीत ना मोठे यंत्र होते, ना प्रयोगशाळेतला एखादा नवा शोध. काही कार्यकर्ते गावोगाव फिरत होते, लोकांशी बोलत होते आणि नोंदी करत होते. तरीही स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीचा इतिहास नीट समजून घ्यायचा असेल, तर क्ष-किरणांच्या यंत्रांबरोबर या नोंदवहीचाही विचार करावा लागतो. कारण या इतिहासात दोन प्रश्न सतत एकमेकांत मिसळले गेले आहेत. पहिला, गाठ किती लवकर दिसते? दुसरा, ती लवकर दिसल्याने मृत्यू टळतो का? पहिल्याचे उत्तर यंत्र देते. दुसऱ्याचे उत्तर माणसे मोजल्याशिवाय मिळत नाही.

क्ष-किरणांची सुरुवात

रॉंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि थोड्याच काळात मोडलेली हाडे पाहण्यासाठी त्यांचा उपयोग सुरू झाला. स्तन हा मात्र अवघड अवयव होता. हाडातील कॅल्शियम क्ष-किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेते, त्यामुळे शेजारच्या मांसापेक्षा हाड उठून दिसते. स्तनात असते चरबी, ग्रंथींचे ऊतक आणि तंतू. या सर्वांची क्ष-किरण शोषण्याची क्षमता जवळजवळ सारखी असते. गाठही त्याच जातीच्या ऊतकाची. धुक्यात पांढरी गाय शोधावी, तसा हा प्रकार होता.

१९१३ मध्ये बर्लिनमधील शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांची क्ष-किरण चित्रे घेतली आणि गाठीचे प्रत्यक्ष स्वरूप चित्राशी ताडून पाहिले. चित्रांत त्यांना बारीक ठिपकेही दिसले. ते कॅल्शियमचे सूक्ष्म कण होते, पण त्यांचे महत्त्व तेव्हा कुणाच्या ध्यानात आले नाही. १९३० मध्ये अमेरिकेत स्टॅफर्ड वॉरन यांनी जिवंत रुग्णांच्या स्तनांची चित्रे घेतल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ च्या सुमारास उरुग्वेतील राऊल लेबोर्न यांनी दोन गोष्टी दाखवून दिल्या. स्तन हलकेच दाबून सपाट केल्यास चित्र अधिक स्पष्ट येते, कारण ऊतक पसरते आणि इतस्ततः विखुरणारे किरण कमी होतात. दुसरे असे, की ते सूक्ष्म कण पुष्कळदा कर्करोगाची खूण असतात. हाताला न लागणारा रोग चित्रात दिसू शकतो, हे येथून स्पष्ट होऊ लागले.

१९६० मध्ये ह्यूस्टन येथील रॉबर्ट ईगन यांनी कमी दाबाची वीज आणि बारीक कणांची फिल्म वापरून एक ठरावीक पद्धत बसवली. ती इतरांनाही जशीच्या तशी वापरता येऊ लागली. पाठोपाठ फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे शार्ल ग्रो यांच्या पुढाकाराने खास स्तनांसाठीचे यंत्र तयार झाले. त्यात क्ष-किरण नळीतील लक्ष्य टंगस्टनऐवजी मॉलिब्डेनमचे होते. विज्ञानाच्या शिक्षकांना यातील पदार्थविज्ञान रंजक वाटेल. मॉलिब्डेनममधून सुमारे १७ ते २० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतक्या कमी ऊर्जेचे किरण विशेष प्रमाणात निघतात. किरणांची ऊर्जा जितकी कमी, तितका निरनिराळ्या ऊतकांच्या शोषणातील फरक वाढतो. जास्त ऊर्जेचे किरण सर्वांतून जवळजवळ सारखेच आरपार जातात, कमी ऊर्जेचे किरण मात्र चरबी आणि ग्रंथी यांत भेद करतात. यंत्राचे तत्त्व एवढेच. या तपासणीला मॅमोग्राफी हे नाव रूढ झाले.

लवकर कळणे म्हणजे वाचणे का?

येथे एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका स्त्रीचा रोग अशा जातीचा आहे, की कोणताही उपचार केला तरी तिचा मृत्यू ६० व्या वर्षी होणार. गाठ हाताला लागली ५७ व्या वर्षी, तर आपण म्हणू की ती निदानानंतर तीन वर्षे जगली. तीच गाठ यंत्राने ५४ व्या वर्षी दाखवली, तर म्हणू की ती सहा वर्षे जगली. जगण्याचा काळ दुप्पट झाला! प्रत्यक्षात तिच्या आयुष्यात एका दिवसाचीही भर पडलेली नाही. तीन वर्षे अधिक वाढली ती फक्त रुग्ण म्हणून जगण्याची. म्हणून निदानानंतर रुग्ण किती वर्षे जगला, या आकड्यावरून चाळणी तपासणीचे मोल ठरवता येत नाही. निरोगी स्त्रियांचे दोन सारखे मोठे गट घ्यावे लागतात. एकाला तपासणी द्यायची, दुसऱ्याला नेहमीप्रमाणे राहू द्यायचे आणि वर्षानुवर्षे दोन्ही गटांतील त्या रोगाने झालेले मृत्यू मोजायचे.

अशी पहिली मोठी चाचणी १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका आरोग्य विमा योजनेतील स्त्रियांवर सुरू झाली. ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२ हजार स्त्रिया त्यात होत्या. क्ष-किरणतज्ज्ञ फिलिप स्ट्रॅक्स, संख्याशास्त्रज्ञ सॅम शपीरो आणि शल्यचिकित्सक लुई व्हेनेट यांनी ती चालवली. तपासणीच्या गटात दहा वर्षांनंतर मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. पुढे १९७७ मध्ये स्वीडनमधील दोन परगण्यांत सुरू झालेल्या चाचणीनेही मॅमोग्राफीच्या बाजूने कौल दिला आणि श्रीमंत देशांत राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले.

परंतु न्यूयॉर्कच्या चाचणीतील एक बारकावा सहज विसरला गेला. तेथे स्त्रियांची मॅमोग्राफी होत होती, तशीच डॉक्टर हातानेही तपासणी करत होते. मग फायदा यंत्राचा किती आणि हाताचा किती? कॅनडात १९८० मध्ये सुरू झालेल्या चाचणीने ५० ते ५९ वयोगटासाठी नेमका हाच प्रश्न विचारला. एका गटाला मॅमोग्राफी व हाताची तपासणी, दुसऱ्याला फक्त प्रशिक्षित हातांनी काळजीपूर्वक केलेली तपासणी. दोन्ही गटांतील मृत्यूंत फरक दिसला नाही. या चाचणीतील चित्रांच्या दर्जावर आणि गटांच्या विभागणीवर कडक टीका झाली आहे व तो वाद अजून मिटलेला नाही. तरी गरीब देशांतील संशोधकांनी त्यातील प्रश्न उचलून धरला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. इंद्रनील मित्रा यांनी १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मॅमोग्राफीशिवाय केवळ हाताने केलेल्या तपासणीची बाजू मांडली.

बार्शीची नोंदवही

मृत्यू मोजायचे तर आधी रोगी मोजता आले पाहिजेत. भारतात ही सोय फार उशिरा झाली. मुंबईत डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ मध्ये देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. शहरात रुग्णालये असतात, प्रयोगशाळा असतात, मृत्यूचा दाखला डॉक्टर लिहितो. नोंदणी करणारा माणूस या ठिकाणी फिरला की बहुतेक रुग्ण सापडतात. खेड्यात हे चालत नाही. गाठ दुखत नाही म्हणून बाई कुणाला दाखवत नाही. दाखवली तरी तुकडा तपासला जात नाही. मृत्यू झाला तरी त्याचे कारण कागदावर येत नाही. रुग्णालयात बसून मोजले, तर खेड्यात कर्करोग नाहीच, असा निष्कर्ष निघायचा!

बार्शीत डॉ. बी. एम. नेने यांच्या प्रयत्नांतून नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय उभे राहिले होते. त्याच्या आधाराने आणि टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने ग्रामीण नोंदणीला आरंभ झाला. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे आणि सुमारे चार लाख लोक तिच्या कक्षेत आले. रुग्ण येण्याची वाट न पाहता नोंदणीचे कार्यकर्तेच ठरावीक काळाने गावांत जात. लोकांना कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत, न दुखणारी गाठ किंवा अवेळी रक्तस्राव अशी तक्रार असलेल्यांची चौकशी करत आणि त्यांना तपासणीसाठी रुग्णालयात यायला प्रवृत्त करत.

यातून एक अनपेक्षित लाभ झाला. मोजण्यासाठी केलेला संवाद हाच एक प्रकारचा उपाय ठरला. कस्तुरी जयंत, नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले, की या भागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण पूर्वीपेक्षा अलीकडच्या टप्प्यात येऊ लागल्या होत्या. कोणतीही चाळणी तपासणी सुरू न करता केवळ लोकजागृतीने हे घडले होते.

नोंदवहीने दुसरी एक गोष्ट सांगितली. बार्शी भागातील स्त्रियांत त्या काळी गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर होता. स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी होते. लवकर होणारी पहिली प्रसूती, अधिक अपत्ये आणि दीर्घकाळ स्तनपान या गोष्टींमुळे स्तनांच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, हे इतरत्रही दिसून आले आहे. शहरी राहणीत या गोष्टी बदलतात आणि प्रमाण वाढते.

तेच यंत्र, निराळे गाव

प्रमाण कमी असणे ही चांगलीच गोष्ट. पण चाळणी तपासणीच्या दृष्टीने तिचा एक परिणाम होतो, तो वर्गात सोडवता येण्याजोग्या गणितातून पाहू. समजा, एखादी तपासणी रोग असलेल्या दर दहापैकी नऊ जणींना बरोबर ओळखते आणि निरोगी दहापैकी नऊ जणींना निरोगी ठरवते.

एका गावात दहा हजार स्त्रियांपैकी ६० जणींना रोग आहे. तपासणी त्यांतील ५४ जणींना पकडेल. उरलेल्या ९,९४० निरोगी स्त्रियांपैकी ९९४ जणींना मात्र ती चुकून संशयित ठरवेल. म्हणजे साधारण १९ संशयितांमागे एक खरी रुग्ण.

दुसऱ्या गावात दहा हजारांत १० जणींनाच रोग आहे. तपासणी ९ जणींना पकडेल आणि ९,९९० निरोगी स्त्रियांपैकी ९९९ जणींना संशयित ठरवेल. आता ११२ संशयितांमागे एक खरी रुग्ण.

यंत्र तेच, त्याची अचूकता तीच. बदलले ते गाव. त्या १११ निरोगी स्त्रियांना तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागणार, मजुरी बुडणार, सुईने तुकडा काढला जाणार आणि निकाल येईपर्यंत घर चिंतेत राहणार. शिवाय भारतात रुग्ण स्त्रियांचे सरासरी वय पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी असते. आपली लोकसंख्याच तरुण आहे, हे त्याचे एक कारण. तरुण वयात स्तनांत ग्रंथी अधिक आणि चरबी कमी असते. ग्रंथी चित्रात पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच. त्यामुळे नेमक्या या वयात मॅमोग्राफी कमी पडते.

मुंबईतील चाचणी

मग स्वस्त मार्ग कोणता? पहिला विचार साहजिकच असा येतो, की प्रत्येक स्त्रीने स्वतःच तपासून पाहावे. याची मोठी चाचणी सोलापूरसारख्याच कापडगिरण्यांच्या शहरात, चीनमधील शांघाय येथे झाली. १९८९ ते १९९१ या काळात तेथील कापड उद्योगातील सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांची नोंद झाली. निम्म्या स्त्रियांना स्वतः तपासणी करण्याचे पद्धतशीर शिक्षण देण्यात आले. २००२ मध्ये अंतिम निकाल आला. शिकवलेल्या गटात १३५ मृत्यू, दुसऱ्या गटात १३१. फायदा काही नाही, उलट निरुपद्रवी गाठींसाठी तुकडा काढण्याचे प्रसंग वाढले. आपल्या शरीरातील बदलांकडे लक्ष ठेवणे योग्यच. पण दरमहा ठरावीक पद्धतीने केलेली स्वतपासणी मृत्यू टाळते, असा पुरावा नाही.

राहिला प्रशिक्षित हात. डॉ. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया, वीस विभागांत वाटलेल्या. दहा विभागांत दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत स्तनांची हाताने तपासणी झाली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि या कामाचे खास प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. दुसऱ्या दहा विभागांत एकदा कर्करोगाविषयी माहिती देण्यात आली. नंतर दोन्हीकडे वर्षानुवर्षे घरोघर जाऊन पाठपुरावा झाला.

निकाल प्रसिद्ध व्हायला २०२१ साल उजाडले. तपासणीच्या गटात पुढच्या टप्प्यातील, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतील रुग्ण ३७ टक्के होत्या, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के. दर लाख व्यक्ति-वर्षांमागे मृत्यू २०.८२ आणि २४.६२. म्हणजे सुमारे १५ टक्के घट. ही घट केवळ योगायोगाने आली नसेल, असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणता आले नाही. मात्र ५० व त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांत मृत्यूंचे प्रमाण ३४.६८ वरून २४.६२ वर आले, म्हणजे जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. ५० वर्षांखालील स्त्रियांत तसा फायदा आढळला नाही. चाचणी संपल्यावर पाडलेल्या उपगटाचा हा निष्कर्ष सावधपणेच घ्यायला हवा. तरीही दहावी शिकलेल्या स्त्रियांच्या हातांनी, क्ष-किरणांशिवाय, एवढे साधावे हे लहानसहान काम नव्हे.

बार्शीचा दुसरा धडा

यावरून ‘साधे तेच चांगले’ असा निष्कर्ष कुणी काढील, तर बार्शीचाच पुढचा अनुभव त्याला थांबवतो. १९९९ मध्ये बार्शीचे रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी सुरू केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट होते. एका गटाची विषाणूच्या डीएनएची तपासणी, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी, चौथ्याची काहीच नाही. २००९ मध्ये निकाल आला. एकदाच केलेल्या डीएनए तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पेशींच्या आणि डोळ्यांच्या तपासणीने लक्षणीय फरक पडला नाही. येथे चौघांत सर्वांत आधुनिक तंत्रच जिंकले. उलट मुंबईच्या चाचणीत त्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी चार वेळा केलेल्या डोळ्यांच्या तपासणीने याच रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटवले. म्हणजे तंत्र नवे की जुने, यावरून निकाल सांगता येत नाही. ते कोणत्या रोगासाठी, किती वेळा आणि कुणावर वापरले, हे पाहावे लागते.

या चाचण्यांवर एक गंभीर आक्षेपही घेतला गेला, तो विद्यार्थ्यांपुढे मांडायला हवा. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना गर्भाशयमुखाची तपासणी दिली गेली नाही आणि त्यांतील काही त्या रोगाने दगावल्या. तपासणीची पद्धत जगात उपलब्ध असताना हे योग्य होते का? संशोधकांचे उत्तर असे, की देशात तेव्हा अशा तपासणीचा कार्यक्रमच नव्हता, त्यामुळे त्या स्त्रियांना जे मिळत होते त्यातले काही काढून घेतले गेले नाही. आक्षेप घेणारे म्हणतात, की गरिबाला काही मिळत नाही, हे त्याला काही न देण्याचे समर्थन होऊ शकत नाही. आम्हा संशोधन करणाऱ्यांना हा प्रश्न आकडेवारीच्या पुस्तकात मिटवता येत नाही. आपल्याला मिळालेले ज्ञान कुणाच्या किमतीवर मिळाले, याची जाणीव तरी ठेवली पाहिजे.

नवी यंत्रे

यंत्रांची प्रगती दरम्यान थांबली नव्हती. २००० मध्ये अमेरिकेत अंकीय मॅमोग्राफीला मान्यता मिळाली. फिल्मऐवजी संवेदक आला आणि चित्र संगणकावर उजळ-गडद करता येऊ लागले. २००५ च्या एका मोठ्या अभ्यासात तिची एकूण अचूकता फिल्मइतकीच भरली, पण ५० वर्षांखालील आणि घन स्तनांच्या स्त्रियांत ती सरस ठरली. २०११ मध्ये निरनिराळ्या कोनांतून चित्रे घेऊन थरांची रचना करणारे टोमोसिंथेसिस आले. स्वीडनमध्ये ८० हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत २०२३ मध्ये दिसले, की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने चित्रे वाचण्याचे डॉक्टरांचे काम सुमारे ४४ टक्क्यांनी कमी होते. जेथे क्ष-किरणतज्ज्ञ थोडे आहेत, तेथे हे मोलाचे ठरू शकते. त्वचेच्या तापमानावरून गाठ शोधण्याच्या पद्धतीचाही बराच गाजावाजा होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मात्र ती मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, असा स्पष्ट इशारा २०११ मध्येच दिला होता. यांपैकी प्रत्येक यंत्राला आपण तोच जुना प्रश्न विचारला पाहिजे : याने चित्र सुधारले, की मृत्यू कमी झाले?

आज काय?

स्तनांचा कर्करोग आता भारतातील स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. २०२२ साठीच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात तीस वर्षांवरील स्त्रियांच्या स्तनांची हाताने तपासणी, दर पाच वर्षांनी, प्राथमिक पातळीवरील आरोग्यसेविकांनी करावी, अशी योजना आहे. मुंबईतील चाचणीत वापरलेली पद्धत तत्त्वतः हीच. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधी तरी झालेल्या स्त्रिया निघाल्या ०.९ टक्के. शंभरांत एकही नाही.

येथे शिक्षकांना दोन कामे सहज करता येतील. वर दिलेले दोन गावांचे गणित नववी-दहावीच्या वर्गात शेकडेवारीचे उदाहरण म्हणून घ्यावे. आकडे बदलून पाहिले, की ‘तपासणीत संशय आला’ आणि ‘रोग आहे’ यांतला फरक मुलांना कळतो. आणि पालकसभेला आलेल्या मातांना एवढे सांगावे : न दुखणारी गाठही दाखवावी. कातडीला पडलेली खळी, आत ओढले गेलेले बोंड, बोंडातून येणारे रक्त यांकडे दुर्लक्ष करू नये. तीस वर्षांवरील स्त्रीने उपकेंद्रात जाऊन तपासणी मागावी. बार्शी तालुक्यातल्या गावांत १९८७ नंतर नोंदणीच्या कार्यकर्त्यांनी असेच सांगायला सुरुवात केली होती आणि रुग्ण लवकर येऊ लागल्याची नोंद त्यांच्याच वहीत सापडते.